घडी न मोडलेले लुगडे

सिनेमा संपला, दिवे लागले, आणि खुर्चीच्या हातात अडकलेला पदर सोडवत माय म्हणाली, ‘‘माले काही रडू उनं नही रे भाऊ.’’ तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. लग्नाच्या पंगतीतून उठताना ‘मठ्ठा काही आला नाही बुवा’ असे कोणी म्हणावे, तितक्या सहजपणे ती बोलली आणि लगेच पायाने चपला चाचपू लागली, कारण सिनेमाभर ती आपल्या सवयीप्रमाणे खुर्चीवर मांडी घालूनच बसली होती. मी मात्र त्या एका वाक्यापाशी अडकलो. ‘श्यामची आई’ पाहायला मायला न्यायचे म्हणजे ती रडणार, हे मी इतके धरून चाललो होतो की घरून निघताना पत्नीने तिच्या पिशवीत एक जास्तीचा रुमाल घातला, तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नव्हते. तो रुमाल घडीचा घडी परत आला.

ही गोष्ट २०२३ च्या दिवाळीतली. सिनेमा १० नोव्हेंबरला, म्हणजे ऐन धनत्रयोदशीला लागला होता. दोनच दिवसांनी एक मोठा हिंदी सिनेमा येणार होता, त्यामुळे जळगावात आम्ही गेलो त्या ठिकाणी याच्या वाट्याला दुपारचा एक अडनिडा खेळ तेवढा आला होता. रविवारी लक्ष्मीपूजन झाले आणि सोमवारी आम्ही गेलो. माय दिवाळीपुरती गावाहून आमच्याकडे आली होती. सकाळीच ती कॉलनीतल्या पिंपळाला प्रदक्षिणा घालून आली, कारण त्या दिवशी सोमवती अमावस्या होती. ‘त्या पुस्तकात सोमवती अवस नावाचे एक अख्खे प्रकरणच आहे,’ असे मी तिला म्हणालो, तर ती म्हणाली, ‘‘मंग तिनी बी उपास धरेल व्हई.’’ तेवढ्या एका धाग्यावर तिचे आणि पडद्यावरच्या बाईचे नाते जुळले असावे, कारण ती सिनेमाला निघाल्यासारखी निघालीच नाही. सोयऱ्यांकडे कोणाची खुशाली विचारायला जावे तशी, धुवट लुगडे नेसून, पिशवीत दोन करंज्या बांधून घेऊन निघाली. त्या करंज्या बाहेर दाराशी काढून ठेवाव्या लागल्या, हा वेगळा विषय आहे.

आत जेमतेम तीस माणसे होती. त्यांतली बरीचशी साठीच्या आसपासची होती, आणि इतर कोणी रडले नाही असे मुळीच नव्हते. आमच्या मागे बसलेले एक गृहस्थ मध्यंतरापासून शेवटपर्यंत नाक ओढत होते. बाहेर पडताना जिन्यात आमच्या ओळखीचे एक निवृत्त मुख्याध्यापक भेटले. त्यांचे मत तयार होते: अत्र्यांच्या जुन्या सिनेमाची सर नाही. वनमाला ती वनमाला, माधव वझ्यांचा श्याम तो श्याम, वसंत देसाईंचे संगीत ते संगीत, असे ते जिना संपेपर्यंत सांगत राहिले. १९५४ साली राष्ट्रीय पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मराठी सिनेमाला मिळाले होते, हेही त्यांनी सांगितले, आणि ते खरेच आहे. फक्त मला असे वाटत राहिले की सरांनी समोरचा सिनेमा पाहिलाच नव्हता. नमुना उत्तरपत्रिका हातात धरून पेपर तपासावा तसा त्यांनी तो प्रसंगवार तपासला होता, आणि नमुन्याशी जुळले नाही तिथे गुण कापले होते. यात त्यांचा फार दोष आहे असेही नाही. काही पुस्तकांच्या बाबतीत आपण पहिल्यांदा जे पाहतो किंवा ऐकतो तेच मूळ होऊन बसते, आणि मग खुद्द लेखक येऊन उभा राहिला तरी तो आपल्याला नक्कल वाटेल.

सुट्टी संपल्यावर आमच्या शाळेच्या मुलांसाठी एक खास खेळ ठरवला गेला आणि शिक्षक म्हणून मला तो पुन्हा पाहावा लागला. दोन मिनिटे झाली नसतील, तोच आठवीतल्या एका मुलाने हात वर करून विचारले, ‘‘सर, प्रोजेक्टर बिघडला का?’’ त्याला सांगावे लागले की सिनेमा मुद्दाम कृष्णधवल केला आहे, दिग्दर्शकाला तो काळ तसा दाखवायचा आहे. त्याने मान हलवली, पण त्याच्या चेहऱ्यावर फसवले गेल्याचा भाव तसाच राहिला. त्या मुलाला हसणे सोपे होते, मीही हसलो. पण त्याच संध्याकाळी मी ही गंमत मायला सांगितली, तर ती हसली नाही. ‘‘खरं शे त्यानं,’’ ती म्हणाली. ‘‘आमना येळले रंग नही व्हतात का रे?’’ या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. जुना काळ काळा-पांढरा असतो ही समजूत त्या काळाने आपल्याला दिलेली नाही. ती जुन्या सिनेमांनी आणि पुसट झालेल्या फोटोंनी दिली आहे. मायच्या लहानपणी कपाळावरचे कुंकू लालच होते आणि शेतातली तूर पिवळीच फुलत होती. दिग्दर्शकाची निवड मला पाहताना आवडली होती. पावसाळी कोकण, कौलांवरून गळणारे पाणी, अंधारे माजघर हे सारे त्या करड्या छटांत फार गंभीर आणि जवळचे वाटत होते. मायच्या प्रश्नानंतरही ते मला आवडतेच, पण आता आवडताना थोडे अवघडल्यासारखे होते.

त्या खास खेळाला माझ्याबरोबर आणखी एक सहकारी होते. ते इतिहास शिकवतात आणि बोलायला मितभाषी आहेत. मुलांना रांगेत बसवून आम्ही चहा घेत उभे असताना मी त्यांना मत विचारले, तर ते सिनेमावर काही बोललेच नाहीत. ते पुस्तकातल्या मोळीवर आले. एका म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावरची मोळी खाली पडते, ती उचलून द्यायला कोणी पुढे होत नाही, आणि आई श्यामला सांगते की जा, तिला मोळी उचलून दे, आणि घरी आलास की आंघोळ कर. ‘‘आम्हाला शाळेत हा प्रसंग शिकवताना बाई मोळीपाशी थांबायच्या,’’ ते म्हणाले. ‘‘मी आंघोळीपाशी थांबायचो.’’ हे त्यांनी इतक्या शांतपणे म्हटले की मला चहाचा पुढचा घोट घ्यावासा वाटेना. मग तेच पुढे म्हणाले, ‘‘पण साने गुरुजींनी ती आंघोळ लपवली नाही, लिहून ठेवली. आणि १९४७ साली पंढरपूरला विठ्ठलाचे देऊळ सगळ्यांना उघडावे म्हणून दहा दिवस उपाशी बसून ती धुऊनही काढली.’’ चाळीस वर्षे मराठी वाचत आलेल्या मला हे दोन प्रसंग एका ओळीत ठेवणे कधी सुचले नव्हते. जे लोक या गोष्टीला नुसती भाबडी म्हणून बाजूला सारतात, आणि जे तिला हात जोडून पाटावर बसवतात, त्या दोघांपेक्षाही या गृहस्थांनी ती जास्त लक्ष देऊन वाचली होती.

तरीही मला मायचेच वाक्य छळत होते.

आमच्याकडे आईला आई म्हणत नाहीत, हे बाहेरच्या माणसाला कदाचित ठाऊक नसेल. माझ्या पिढीने घरात ‘माय’ म्हटले आणि ‘आई’ हा शब्द पाठ्यपुस्तकातून, स्वच्छ धुतलेल्या पाटीवर गिरवला. त्यामुळे ‘श्यामची आई’ हे नाव लहानपणी मला थोडे परकेच वाटे. ती आमच्या मायसारखी नसून कोणा शहाण्या घरातली, नीट शुद्ध बोलणारी आई असणार, असे माझ्या मनाने ठरवून टाकले होते. आणि गंमत अशी की ते पुस्तक लिहिणारा माणूस मात्र आमचाच होता, निदान आम्ही तसेच मानत आलो. साने गुरुजी जन्मले पालगडला, पण नोकरीला आले अमळनेरला. १९२४ ते १९३० ही सहा वर्षे ते तिथल्या शाळेत शिकवत होते, छात्रालय सांभाळत होते, मुलांच्या खोल्या झाडत होते, त्यांची अंथरुणे आवरत होते. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची रविवारची गीता-प्रवचने झाली, ती उतरून घेणारेही तेच. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात चार-पाच दिवसांत लिहून काढली. लिहिली नाशिकला, घडली कोकणात, हे सारे मान्य केले तरी मला आपले वाटते की ती सांगायची सवय त्यांना अमळनेरच्या छात्रालयात लागली असणार. बापाने दूर शहरात ठेवलेली, घरच्या आठवणीने रात्री उशीत तोंड खुपसणारी खानदेशातली मुले समोर असताना माणूस दुसरे काय सांगणार? पुस्तकातही श्याम एकटा लिहीत बसलेला नाही. रोज रात्री प्रार्थनेनंतर तो आश्रमातल्या सोबत्यांना गोष्ट सांगतो, आणि ते सोबती मध्ये बोलतात, विचारतात, कोणी गहिवरतो, कोणी झोप येते म्हणतो. या गोष्टीला पहिल्या पानापासून ऐकणाऱ्यांचा घोळका आहे.

मायने ती गोष्ट पहिल्यांदा पाहिली तीही अमळनेरलाच, आणि घोळक्यातच. हे मला सिनेमावरून परतताना गाडीत कळले, तोवर तिने कधी सांगितले नव्हते. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा बोरी नदीच्या पात्रात भरते. माय तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल, म्हणजे १९६० च्या अलीकडे-पलीकडे. माझी आजी, तिच्या दोन जावा आणि पोरेसोरे असे सगळे गाडीबैलाने यात्रेला गेले होते. पात्रात तंबूचा सिनेमा आला होता. आत खुर्च्या नव्हत्या, रेतीवरच बसायचे. दिवसभर तापलेली रेती रात्री नऊ वाजताही खालून ऊब देत होती. बाया एका अंगाला आणि गडीमाणसे दुसऱ्या अंगाला, मध्ये कनात. मागे इंजिन धडधडत होते आणि त्या आवाजात अर्धे बोलणे बुडत होते. द्रौपदीने पितांबराची चिंधी फाडून दिल्याचे गाणे लागले तेव्हा मात्र इंजिनाचा आवाज कोणाला ऐकू आला नाही, असे माय म्हणते. आणि शेवटी तंबूतल्या साऱ्या बाया रडत होत्या. हुंदके देऊन, एकमेकींच्या खांद्यावर डोके ठेवून, कोणी तर मयताला बसल्यासारखे हेल काढून. ‘‘मी काब्रं रडनू ते माले बी ठाऊक नही,’’ माय सांगत होती. तिला सिनेमातले अर्धेअधिक कळलेच नव्हते. आजीने तिच्या डोक्यावरून पदर ओढून तिला कुशीत घेतले होते, आणि त्या पदराआड, आजीच्या घामाच्या आणि दळणाच्या वासात, ती रडली होती.

मी गाडी चालवत होतो आणि मला मघाची तिची खुर्ची दिसत होती. लाल मखमली, भक्कम हातांची, हातात पेला ठेवायला खळगा असलेली. माझी आणि तिची खुर्ची यांच्यामध्ये तो हात होता. मला एकदाही तो वर करावासा वाटला नाही, वर होतो हेही मला ठाऊक नव्हते.

या निमित्ताने मनात आलेली एक गोष्ट इथे लिहून ठेवतो. बहिणाबाई चौधरी आमच्या आसोद्याच्या. जन्म १८८० चा, म्हणजे श्यामच्या आईच्याच काळातल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या. त्यांच्या ओव्या-गाण्यांचे पुस्तक १९५२ साली निघाले, ते त्यांच्या मागे वर्षभराने, आणि त्याला प्रस्तावना होती आचार्य अत्र्यांची. त्यांनीच त्या गाण्यांचे मोल पहिल्यांदा मोठ्या आवाजात सांगितले. आणि पुढच्याच वर्षी, १९५३ साली, त्यांचा ‘श्यामची आई’ पडद्यावर आला. म्हणजे एका वर्षाच्या अंतराने याच माणसाने महाराष्ट्राला दोन माया दाखवल्या, एक खानदेशातली आणि एक कोकणातली. एक स्वतः बोलत होती, तिच्या स्वतःच्या बोलीत, आणि दुसरीच्या वतीने तिचा मुलगा बोलत होता. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या मुलीने भाऊबीजेच्या दिवशी फराळाच्या ताटावर या सिनेमाविषयी जे म्हटले, ते मला त्यामुळेच नीट कळले असावे. ती म्हणाली, ‘‘बाबा, सगळे श्यामला काय वाटलं तेच आहे. तिला काय वाटत होतं?’’ पत्नीने तिला दटावले, कारण सणासुदीला अशा पुस्तकाविषयी असे बोलू नये. माय चकलीचा तुकडा मोडत गप्प बसून ऐकत होती.

दिवाळीनंतर मी मायला गावी सोडायला गेलो. आमच्या घरात शिरताना वाकून, अंग चोरून शिरावे लागले, कारण पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला होता. तो माझ्या चुलतभावाचा, मागच्या वर्षीचा. क्विंटलला दहा हजारांच्या वरचा भाव एकदा डोळ्यांनी पाहिलेला असल्यामुळे त्याने तो विकला नव्हता, आणि आता नवी वेचणी सुरू झाली होती, हमीभाव ७,०२० रुपये होता आणि व्यापारी त्याच्याही खाली मागत होते. जुन्या कापसात पिसवा होतात. त्या खोलीत पाच मिनिटे बसले तरी पोटऱ्यांना खाज सुटते. आम्ही ओट्यावर बसलो. सिनेमाचा विषय मायनेच काढला, आणि भाऊ एकदम बोलू लागला. त्याला त्यातला जप्तीचा भाग फार लागला होता. सावकाराचा माणूस दारात येऊन नको ते बोलतो, जप्तीची दवंडी गावात फिरते. ‘‘जप्तीवाला येस ना, आनि बाप दारमा उभा ऱ्हास, ते माले देखायनं नही,’’ तो म्हणाला. मी विचारले, तू हा सिनेमा कधी पाहिलास? तो थोडा गोंधळला. नवा त्याने पाहिलाच नव्हता. जुना पाहिला होता की शाळेत धडा होता, की त्याच्या बापाने वाचून दाखवले होते, हे त्याला सांगता येईना. सिनेमातले कुठले आणि पुस्तकातले कुठले याची सरमिसळ होऊन त्याच्याकडे एकच चित्र उरले होते: दारात उभा असलेला बाप. आणि त्या चित्रातही आणखी काहीतरी मिसळलेले होते, हे मला ठाऊक होते. चार वर्षांपूर्वी थकबाकीदारांच्या यादीत त्याचे नाव चावडीच्या फळ्यावर लागले होते, आणि त्याचा धाकटा मुलगा शाळेतून येताना ते वाचून घरी आला होता.

पुस्तकाच्या शेवटच्या भागातल्या प्रकरणांची नावे एकदा सलग वाचून पाहावीत. ‘गरिबांचे मनोरथ’, ‘वित्तहीनाची हेळणा’, ‘तेल आहे तर मीठ नाही’, ‘अब्रूचे धिंडवडे’. पूर्वी मी ती नुसती नावे म्हणून वाचली होती. भावाच्या ओट्यावर बसून ती आठवली तेव्हा ती आमच्या आळीतल्या घरांची नावे वाटू लागली. मातृप्रेम, संस्कार, आदर्श आई यांविषयी लोक या गोष्टीच्या निमित्ताने एवढे बोलतात, पण कर्जाविषयी मी जिन्यातल्या चर्चेत, शिक्षकांच्या खोलीत किंवा फराळाच्या ताटावर एक शब्दही ऐकला नव्हता. तो शब्द ऐकायला मला कापसाच्या खोलीबाहेर येऊन बसावे लागले.

रात्री जेवणे झाल्यावर मी मायला अखेर सरळ विचारले की तुला रडू का आले नाही. तिने लगेच उत्तर दिले नाही. ती चुलीतला विस्तव राखेखाली झाकत होती. घरात गॅस आहे, पण भाकरी ती अजून चुलीवरच करते. मग म्हणाली, ‘‘तिना लुगडानी घडीच मोडेल नही.’’ मला कळले नाही. तेव्हा तिने स्वतःचा पदर पुढे घेतला आणि दिव्याखाली धरला. काठाशी एका ठिकाणी कापड ओले होते, तिथे ती हात पुसते. त्याच्या वर, बोटभर अंतरावर, तपकिरी डाग होता, अगदी इस्त्री टेकल्यासारखा. सांडशी सापडली नाही की उकळते भांडे ती पदरानेच उतरवते आणि रोज तीच जागा हाताला येते. पदराच्या टोकाला गाठ होती, तिच्यात दहाची दोन नाणी आणि देवळातल्या अंगाऱ्याची पुडी. ‘‘दिवसभर राबनारी बाईना पदर असा ऱ्हास,’’ ती म्हणाली. पडद्यावरची बाई चुलीपुढे बसली, पाणी भरले, आजारी पडली, पण मायच्या मते तिच्या पदराने या साऱ्यातले काहीच पाहिले नव्हते. मी दिग्दर्शकाची बाजू घेतली. म्हणालो, काळ्या-पांढऱ्यात असे डाग दिसत नाहीत. आणि खरेच, मी दोनदा पाहूनही असे काही माझ्या ध्यानात आले नव्हते. कोणत्या प्रसंगात लुगडे कसे होते हे मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही. ती बिचारी नटी मनापासून काम करत होती, एवढे मला आठवते. पण मी पन्नास वर्षे मायचा पदर समोर असूनही तो डाग पाहिला नव्हता, तेव्हा माझी साक्ष काय कामाची?

मग तिने आणखी एक सांगितले. तंबूतल्या सिनेमातल्या बाईचे लुगडे कसे होते, ते तिला अजिबात आठवत नाही. ‘‘मना तोंडवर तं मायना पदर व्हता,’’ ती म्हणाली आणि हसली.

त्या रात्री शेजारच्या दोघी-तिघी शेंगा फोडायला आल्या होत्या; बियाण्याचे दाणे काढायचे होते. मुलांच्या जुन्या पुस्तकांत ‘श्यामची आई’ची एक प्रत सापडली आणि माय म्हणाली, वाच. मी ‘अळणी भाजी’ काढली, कारण ती लहान आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील त्याविषयी एक अक्षर न काढता, उलट भाजी छान झाली म्हणत जेवून उठतात, आणि मागाहून स्वतः घास घेतल्यावर तिला ते कळते. मी वर्गात वाचतो तसा वाचू लागलो, स्वल्पविरामाशी थांबत, आवाज किंचित जड करत. शेंगा फुटण्याचा आवाज चालूच होता. आई ओशाळते त्या ठिकाणी तो थोडा मंद झाला. पण शेवटाला कोणी रडले नाही, आणि खरे सांगायचे तर त्या प्रकरणात रडण्यासारखे काही नाहीही. एका बाईने आपण लग्नानंतर पहिल्याच दिवशी डाळीत दोनदा मीठ घातले होते आणि सासऱ्याने ताट सरकवले होते, ते सांगितले. दुसरीने तो सासरा किती दिवस जगला ते सांगितले, आणि सगळ्या हसल्या.

मग मला पुढचे वाचावेसे वाटले. मी मागची पाने उलटून कर्जाचा भाग काढला. सावकाराचा माणूस येतो, आई दाराशी येऊन उभी राहते, तिथपर्यंत वाचत गेलो. आता शेंगांचा आवाज थांबला होता. कोपऱ्यात बसलेल्या, सगळ्यांत तरुण, नुकत्याच नांदायला आलेल्या सुनेने मान वर केली आणि विचारले, ‘‘मंग त्याना बाप काय करी ऱ्हायंता?’’

‘‘कर्ज,’’ माय म्हणाली, आणि तिने शेंगांचे सूप स्वतःकडे ओढले.